प्रकल्प नोंदी : व-१७ पेशीत नेमकं कुठे बसतं?

८ जानेवारी

व-१७ हे संयुग विषाणूची वाढ रोखतं एवढंच सध्या हातात आहे. ते कशाला धरून रोखतं, ते शोधायचं. पहिलं काम मात्रा-परिणाम आलेख पुन्हा काढण्याचं, कारण मूळ चाळणीतला आकडा एकाच मात्रेवरचा आहे.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये ह्यूह-७ पेशी (मानवी यकृताच्या), दर वेलला १०,०००. विषाणू २२९ई हा सर्दीचा कोरोना विषाणू, ३३ अंशांवर, तीन दिवस. व-१७ वरून ३० मायक्रोमोलर, खाली तिपटीने आठ पायऱ्या. मूळ द्रावण डीएमएसओमध्ये (संयुग विरघळवणारा द्रव) १० मिलिमोलर असल्याने वरच्या वेलमध्ये डीएमएसओ ०.३ टक्के होतो. बाकीच्या सगळ्या वेल्समध्येही तो ०.३ टक्केच ठेवला. पातळ करताना माध्यम वापरलं की खालच्या पायऱ्यांत डीएमएसओ कमी होत जातो आणि आलेखाला फुकटचा उतार येतो. म्हणून पायऱ्या डीएमएसओमध्येच करायच्या आणि शेवटी एकदाच माध्यमात टाकायचं.

ईसी-५० (विषाणूची वाढ निम्मी करणारी मात्रा) ०.१८ मायक्रोमोलर.

विषाणू न घातलेल्या प्लेटवर एटीपी (जिवंत पेशींचं इंधन) मोजून विषारीपणा पाहिला. साधारण १ मायक्रोमोलरला वाचन ४५ टक्क्यांवर येतं आणि तिथून ३० मायक्रोमोलरपर्यंत सपाट राहतं. मारणारं संयुग असतं तर रेषा शून्याकडे गेली असती. हे पठार लक्षात ठेवायचं. यंत्राचं सॉफ्टवेअर अशा रेषेतूनही सीसी-५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) काढून देतं. तो आकडा वहीत लिहिलेला नाही.

१० जानेवारी

त्याच प्लेटच्या जोडप्लेटमध्ये केंद्रकं मोजली (हेक्स्ट रंग), मेलेल्या पेशी वेगळ्या मोजल्या (प्रोपिडियम आयोडाइड). केंद्रकं निम्म्याहून कमी, मेलेल्या पेशी डीएमएसओच्या वेल्सइतक्याच. म्हणजे पेशी मरत नाहीत, विभागायच्या थांबतात. दर वेलला ४०,००० पेशी लावून वेल आधीच भरून टाकली तर पठार जवळपास नाहीसं होतं. आधीच भरलेल्या वेलमध्ये थांबण्यासारखं काही उरत नाही.

१७ जानेवारी

संयुग कधी घातलं तर चालतं, याचा प्रयोग. संसर्गाआधी १६ तास, २ तास, संसर्गाबरोबर, नंतर २, ४, ६ तास. २४ तासांनी विषाणूचा आरएनए मोजला.

१६ तास आधी घातलं तर घट शंभरपटीहून जास्त. बरोबर घातलं तर जेमतेम दहापट. ४ तासांनंतर काही नाही. असा आलेख पाहिला की कुणीही ‘हे प्रवेश अडवतं’ म्हणेल. म्हणून संयुग फक्त संसर्गाच्या त्या एका तासापुरतं ठेवून धुऊन टाकलं. परिणाम शून्य. प्रवेश अडवणारं संयुग या एका तासात दिसायलाच हवं होतं. तेव्हा पेशीतला कसला तरी साठा हळूहळू आटत असावा आणि तो आटायला काही तास लागत असावेत.

२४ जानेवारी

विषाणू बदलला : व्हीएसव्ही. याचा कोरोनाशी काही संबंध नाही, जनुकीय आरएनए उलट्या दिशेचा. ह्यूह-७मध्ये ईसी-५० जवळपास तोच. पेशी बदलल्या की मात्र आकडा हलतो : ए-५४९मध्ये (मानवी फुफ्फुसाच्या पेशी) ०.३, व्हेरोमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) ०.९ मायक्रोमोलर. विषाणू बदलून आकडा हलत नाही आणि पेशी बदलून हलतो, तेव्हा लक्ष्य पेशीचंच धरून चालायचं.

३० जानेवारी

संयुग घातलेल्या ह्यूह-७मध्ये इंटरफेरॉनने जागी होणारी जनुकं (आयएफआयटी-१, एमएक्स-१) वर गेलेली. मोह होतो. पण व्हेरो पेशींत टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकंच गळालेली आहेत आणि तिथेही व-१७ चालतं. इंटरफेरॉनचा हातभार असेल, मुळाशी तो नाही. ही वाट बंद.

१९ फेब्रुवारी

व-१७चं लक्ष्य पकडायचा प्रोब तयार होऊन आला. व-१७च्या ज्या टोकाला बदल चालतो (आधीच्या बावीस सदृश संयुगांवरून ठरवलेलं) तिथे डायझिरीन आणि अल्काइन असलेली छोटी शेपटी जोडली आहे. डायझिरीन अतिनील प्रकाशात शेजारच्या प्रथिनाला कायमचं चिकटतं. अल्काइनला नंतर बायोटिन जोडता येतं. प्रोबचा ईसी-५० ०.५ मायक्रोमोलर, मूळच्या तिप्पट. चालेल. दहापटीहून जास्त घसरला असता तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. तो जे पकडेल ते व-१७चं लक्ष्य आहे असं म्हणताच आलं नसतं.

सोबत व-१७न, म्हणजे दिसायला जवळजवळ तसंच पण विषाणूवर निष्क्रिय संयुग. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते जाणार.

२३ फेब्रुवारी

पहिली फेरी फसली. जिवंत ह्यूह-७ पेशींना प्रोब १ मायक्रोमोलर, एक तास. स्पर्धेच्या नमुन्यात प्रोबच्या आधी अर्धा तास व-१७ २० मायक्रोमोलर, म्हणजे लक्ष्यावरची जागा आधीच अडते आणि प्रोब तिथे चिकटत नाही. मग बर्फावर ठेवून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश १० मिनिटं. पेशी फोडून क्लिक अभिक्रिया (अल्काइनला रंग किंवा बायोटिन जोडणारी). जेलवर चमकणाऱ्या रंगाने पाहिलं तर सगळ्या पट्ट्या कोऱ्या. प्रोब नसलेला नमुना आणि प्रोब असलेला नमुना सारखेच.

कारण पेशी फोडण्याच्या बफरमध्ये सापडलं. प्रोटिएज रोखणाऱ्या गोळीत ईडीटीए होतं. क्लिकला तांबं लागतं आणि ईडीटीए तांबं धरून ठेवतं. बफरमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए असेल तर आपण घातलेलं १ मिलिमोलर तांबं पूर्ण गिळलं जातं. गोळी ईडीटीए नसलेली घ्यायची आणि डबा उघडून लेबल वाचायचं; दोन्ही प्रकारांच्या डब्यांचे रंग सारखे आहेत.

२७ फेब्रुवारी

दुसरी फेरी. प्रमाणं अशी : प्रथिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बायोटिन-अझाइड १०० मायक्रोमोलर, टीसेप १ मिलिमोलर (त्याच दिवशी पाण्यात विरघळवून सामू ७ला आणलेलं), लिगँड १०० मायक्रोमोलर, कॉपर सल्फेट १ मिलिमोलर सर्वांत शेवटी. खोलीच्या तापमानाला एक तास. नंतर मेथॅनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिन खाली बसवून दोनदा धुतलं. हे धुणं टाळलं तर उरलेलं मोकळं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांवरच्या सगळ्या जागा अडवतं आणि प्रथिनांना बसायला जागा राहत नाही. मणी एसडीएसच्या द्रावणाने, मग युरियाने, मग साध्या बफरने धुऊन मण्यांवरच ट्रिप्सिन. जेलवर आता पट्ट्या दिसतात, स्पर्धेत काही फिक्या होतात. नमुने मास स्पेक्ट्रोमीटरला.

७ मार्च

यादी आली. सर्वांत वर व्हीडॅक-१, व्हीडॅक-२, ट्युब्युलिन, काही हीट-शॉक प्रथिनं. यात नवल नाही. अल्किल डायझिरीनला आम्लधर्मी अवशेष असलेल्या, पडद्यातल्या, भरपूर असलेल्या प्रथिनांची ओढ असते. व्हीडॅक जवळजवळ कुठल्याही प्रोबबरोबर येतं. निष्क्रिय संयुगाने स्पर्धा केली तरी ते तितकंच कमी होतं, म्हणून खोडलं.

प्रोब-बिनप्रोब गुणोत्तर ४च्या वर आणि व-१७ने निम्म्याखाली जाणारी ३८ प्रथिनं उरली. पुढे कुठली तपासायची हे ठरवताना यादी पेशीतल्या प्रमाणाच्या क्रमाने लावली आणि वरची दहा घेतली.

२१ मार्च

थर्मल प्रोटिओम प्रोफाइलिंग. संयुग बसलं की प्रथिन सहसा जास्त उष्णता सोसतं, हे याचं मूळ. जिवंत पेशींवर हा प्रयोग २०१३मध्ये सेट्सा या नावाने आला आणि पुढच्याच वर्षी मास स्पेक्ट्रोमीटर जोडून तो हजारो प्रथिनांवर एकदम करता येऊ लागला. दहा तापमानं : ३७, ४१, ४४, ४७, ५०, ५३, ५६, ५९, ६३, ६७. प्रत्येकी ३ मिनिटं, मग ३ मिनिटं खोलीच्या तापमानाला. द्रव नायट्रोजनमध्ये तीनदा गोठवून-वितळवून पेशी फोडल्या, २०,००० जी वर २० मिनिटं फिरवून वरचं पाणी घेतलं.

वरच्या दहापैकी एकही हललेलं नाही. हललेली पाच प्रथिनं प्रोबच्या यादीत नाहीत. पेशींच्या अर्कावर (जिवंत पेशींवर नव्हे) तोच प्रयोग केला तर तीही हलत नाहीत. जिवंत पेशीत संयुग एका जागी बसतं आणि परिणाम दहा जागी उमटतो. त्या दहाही जागा या आलेखात ‘हलल्या’ म्हणून दिसतात. अर्कात चयापचय जवळजवळ थांबलेलं असतं, तिथे हलेल ते बहुधा थेट बसण्यामुळेच. दोन्ही करावंच लागतं.

२५ मार्च ते १० मे

जनुकांच्या बाजूने शोध. संपूर्ण जनुकसंचावरची ब्रुनेलो लायब्ररी, ७६,४४१ गाइड (क्रिस्परला एकेक जनुक बंद पाडायला, म्हणजे नॉकआउट करायला, नेणारे आरएनए) आणि १,००० तटस्थ. ए-५४९ पेशी. विषाणू न घालता, फक्त व-१७ने वाढ मंदावते त्यावर चाळणी. यात एक गृहीत आहे : वाढ थांबणं आणि विषाणू थांबणं एकाच लक्ष्यामुळे होतं. ते नंतर तपासायचं आहे, विसरायचं नाही.

हिशेब : दर गाइडला ५०० पेशी म्हणजे ३.८७ कोटी संसर्गित पेशी. एका पेशीत एकच गाइड जावी म्हणून संसर्गाचं प्रमाण ०.३, त्याला फक्त २६ टक्के पेशींत गाइड जाते. म्हणजे सुरुवातीला १५ कोटी पेशी हव्यात, प्रत्येक प्रतीसाठी. प्युरोमायसिनवर सात दिवस, मग दोन भाग : डीएमएसओ आणि वाढीचा वेग निम्मा करणारं व-१७ (०.५ मायक्रोमोलर), १६ दिवस.

डीएनए काढतानाही हीच संख्या सांभाळायची. द्विगुणित पेशीत डीएनए सुमारे ६.६ पिकोग्रॅम, म्हणजे ४ कोटी पेशींचा २६४ मायक्रोग्रॅम, आणि ए-५४९मध्ये गुणसूत्रं जास्त असल्याने त्याहून जास्तच धरायचा. एका १०० मायक्रोलिटर पीसीआरमध्ये १० मायक्रोग्रॅम. पंचवीस-तीस नळ्या होतातच. दोन नळ्यांत भागवलं तर पेशी कितीही सांभाळलेल्या असोत, मोजणी दोन नळ्यांपुरतीच होते.

तिसरी प्रत बाद. २४ एप्रिलला फ्लास्क बदलताना त्यात फक्त ९० लाख पेशी पुढे गेल्या, म्हणजे दर गाइडला ११६. आकडेवारीत ती लगेच वेगळी दिसते : तटस्थ गाइडसुद्धा दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे पसरलेल्या.

१३ मे

निकाल दोन प्रतींवर. नॉकआउटने पेशी तगड्या होतात अशी जनुकं नगण्य. (तशी मिळाली असती तरी जपूनच वाचायची. वायएम-१५५ या औषधाच्या बाबतीत सर्वांत ठळक जनुक निघालं ते औषध आत नेणाऱ्या एसएलसी-३५एफ-२ या वाहकाचं.) नॉकआउटने पेशी जास्त हळव्या होतात अशांत पहिलं यूसीके-२, खाली कोएन्झाइम क्यू-१० बनवणारी तीन जनुकं.

यूसीके-२ म्हणजे बाहेरून आलेल्या युरिडीनला फॉस्फेट लावून वापरात आणणारं एन्झाइम. ते गेल्यावर व-१७ जास्त बोचतं, याचा अर्थ व-१७ने पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे काही सुटे भाग, युरिडीन त्यातलंच) घरी बनवण्याची वाट बंद केली आहे आणि पेशी उसनवारीवर जगते आहे. पठार, साठा आटायला लागणारे तास, विषाणू कुठलाही चालणं, सगळं या एका ओळीत बसतं.

१५ मे

युरिडीन १०० मायक्रोमोलर घातलं. पेशींची वाढ परत, विषाणूही परत. ग्वानोसिन आणि ॲडेनोसिन घालून काही फरक नाही, म्हणजे प्युरिनची बाजू सुटली. या प्रयोगाला एक प्लेट आणि तीन दिवस लागतात. युरिडीनची बाटली जानेवारीपासून फ्रीजमध्ये होती. पेशीवर काम करणारं, वाढ थांबवणारं आणि विषाणू न बघणारं संयुग दिसलं की युरिडीन आणि ग्वानोसिन पहिल्याच आठवड्यात घालायचं, हे आता कामाच्या यादीत सर्वांत वर लिहिलं आहे. स्टॅनफर्डच्या गटाने २०१६मध्ये जीएसके-९८३ या विषाणूरोधक संयुगाचं लक्ष्य जनुकचाळणीने शोधलं तेही याच वाटेवरचं एन्झाइम, डीएचओडीएच, निघालं होतं.

पण युरिडीनने एवढंच कळतं की वाट अडली. कुठे अडली ते नाही. उमेदवार चार : कॅड (पहिल्या तीन पायऱ्या), डीएचओडीएच (चौथी), यूएमपीएस (पाचवी-सहावी), आणि बाहेरचा एक, श्वसनसाखळीतलं कॉम्प्लेक्स-३. डीएचओडीएच मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर बसून आपले इलेक्ट्रॉन कोएन्झाइम क्यूला देतं. कॉम्प्लेक्स-३ बंद पडलं की क्यू भरलेलाच राहतो आणि डीएचओडीएचला इलेक्ट्रॉन टाकायला जागा उरत नाही. म्हणून अँटिमायसिनचा (कॉम्प्लेक्स-३ अडवणारं विष) त्रासही युरिडीनने कमी होतो आणि वरवर पाहता ते डीएचओडीएच रोखणाऱ्या औषधासारखंच वागतं.

१६ मे

७ मार्चची यादी पुन्हा उघडली. डीएचओडीएच त्यात आहे, ३१व्या क्रमांकावर. प्रमाणाऐवजी स्पर्धेत किती कमी झालं त्या क्रमाने लावली तर दुसऱ्यावर. पेशीत हे प्रथिन थोडंच असतं. प्रमाणाने लावलेल्या यादीत ते वर यायची शक्यता नव्हतीच.

जनुकांच्या निकालातही ते वर का नाही तेही पाहिलं. डीएचओडीएचच्या चारही गाइड डीएमएसओच्या भागातच गळून गेलेल्या. पेशीला लागणारं जनुक पूर्ण काढलं तर औषध घालण्याआधीच ती पेशी मागे पडते, मग फरक मोजायला काही शिल्लक राहत नाही. अशा जनुकांसाठी अर्धवट दाबणं हवं.

उष्णतेच्या प्रयोगात ते दिसलं नाही याचं कारण वेगळं : पडद्यात रुतलेलं प्रथिन फक्त गोठवून-वितळवून सुटत नाही, ते पडद्याबरोबर तळाशी गेलं होतं. ३७ अंशांच्या नमुन्यातसुद्धा वरच्या पाण्यात त्याचे दोनच पेप्टाइड.

२२ मे

उष्णतेचा प्रयोग पुन्हा, फक्त डीएचओडीएचच्या अँटिबॉडीने वेस्टर्न (एकाच प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) करून. तापवून, थंड करून झाल्यावर एनपी-४० (पडदा विरघळवणारा साबण) ०.४ टक्के. आधी घातलं तर ते स्वतःच पडदा विस्कटून वितळणं बदलतं. आता पट्टी दिसते. व-१७ने ती सुमारे ६ अंश वर टिकते, ब्रेक्विनारने (डीएचओडीएच रोखणारं ओळखीचं संयुग) ९, निष्क्रिय व-१७नने अजिबात नाही. अर्कातही तसंच.

२९ मे

ऑरोटेट (चौथ्या पायरीतून तयार होणारा पदार्थ) १ मिलिमोलर. पेशीत कष्टाने शिरतं म्हणून मात्रा एवढी मोठी. पहिल्या वेळी आम्ल तसंच विरघळवलं आणि माध्यम पिवळं पडलं, सगळ्याच वेल्स खराब. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७.४ करून पुन्हा.

व-१७ आणि ब्रेक्विनार : ऑरोटेटने वाढ परत. पायराझोफ्युरिन (यूएमपीएस रोखणारं) : नाही. डायहायड्रोऑरोटेटने (चौथ्या पायरीत वापरला जाणारा पदार्थ) व-१७ घातलेल्या पेशींची वाढ परत येत नाही, पाला (कॅड रोखणारं) घातलेल्या वेल्समध्ये मात्र काही अंशी येते. पालाची ही ओळ नसती तर ‘परत आली नाही’ याला किंमत नव्हती. डायहायड्रोऑरोटेट आत गेलंच नसेल असंही म्हणता आलं असतं.

अडलेली पायरी चौथी. उरले डीएचओडीएच आणि कॉम्प्लेक्स-३.

३१ मे

ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर वाढवलेल्या पेशींना श्वसनसाखळी लागतेच. अँटिमायसिन १ मायक्रोमोलर : एका दिवसात मेल्या. व-१७ १० मायक्रोमोलर : काही नाही. ऑक्सिजनचा खर्चही जागचा हलत नाही. कॉम्प्लेक्स-३ बाद.

६ जून

शुद्ध एन्झाइमवर मोजणी. ट्रिस ५० मिलिमोलर, सामू ८, पोटॅशियम क्लोराइड १५०, ट्रायटन ०.१ टक्के, डेसिलयुबिक्विनोन (कोएन्झाइम क्यूच्या जागी) १०० मायक्रोमोलर, डीसीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाले की फिका पडणारा निळा रंग) १२०, डीएचओडीएच २० नॅनोमोलर, डायहायड्रोऑरोटेट ५०० मायक्रोमोलर घालून सुरुवात. ६०० नॅनोमीटरला निळा रंग उतरताना मोजायचा.

ट्रायटन दोन कामं करतं : क्विनोन विरघळलेलं ठेवतं आणि संयुगाचे गोळे होऊन एन्झाइमला फसवं अडवणं टाळतं. एन्झाइम नसलेली ओळ हवीच, कारण काही संयुगं स्वतःच डीसीआयपीचा रंग घालवतात. व-१७ तसं करत नाही.

व-१७चा आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्मं करणारी मात्रा) ४० नॅनोमोलर. ब्रेक्विनारचा १२ आला. तो आकडा खरा म्हणून वापरू नये : एन्झाइमच २० नॅनोमोलर असताना त्याच्या निम्म्याखाली, म्हणजे १०च्या खाली, या मोजणीत काही दिसूच शकत नाही.

२० जून

ए-५४९मध्ये मानवी डीएचओडीएच जास्तीचं बनवलं. व-१७ आणि ब्रेक्विनारचा व्हीएसव्हीवरचा ईसी-५० वीसपटीहून वर गेला. अँटिमायसिन आणि पायराझोफ्युरिनचा गेला नाही. यीस्टचं यूआरए-१ही घालून पाहिलं. ते पेशीद्रवात राहतं, इलेक्ट्रॉन फ्युमरेटला देतं, मानवी एन्झाइमवरची औषधं त्याला लागत नाहीत. त्यानेही सुटका झाली, पण ती डीएचओडीएच आणि कॉम्प्लेक्स-३ दोन्हींतून करते, म्हणून निवाडा मानवी एन्झाइमच्या ओळीवरूनच.

विषाणूची मोजणी आणि वाढीची मोजणी एकाच पेशींत एकत्र सरकली. मार्चमधलं गृहीत इथे फिटलं. लक्ष्याच्या रकान्यात आज डीएचओडीएच लिहिलं.

२७ जून

डिऑक्सिसायटिडीन १ मिलिमोलर. पेशींची वाढ परत येते, विषाणू दबलेलाच राहतो. डीएनएचे सुटे भाग मिळाले की पेशी विभागते. पण आरएनए विषाणूला यूटीपी आणि सीटीपी (आरएनएचे सुटे भाग) लागतं आणि ते आटलेलंच आहे. विषारीपणा आणि गुण वेगळे करायला जागा आहे. जीएसके-९८३च्या वेळीही हेच दिसलं होतं.

४ जुलै

आता नकोशी बाजू. माणसाच्या रक्तात युरिडीन काही मायक्रोमोलर असतं. १० टक्के सीरमच्या आमच्या माध्यमात त्याच्या फार खाली. डायलिसिस केलेल्या सीरममध्ये युरिडीन मोजून घातलं : ०, १, ३, १०, ३० मायक्रोमोलर. ईसी-५० क्रमाने ०.०९, ०.२, ०.८, ६, आणि ३०वर परिणामच नाही. या गटातली औषधं बशीत चमकतात आणि प्राण्यांत फिकी पडतात, ती यामुळे.

त्याच प्लेटवर युरिडीन ५ मायक्रोमोलर ठेवून डायपिरिडामोल १ मायक्रोमोलर जोडलं, युरिडीनला आत सोडणारा वाहक अडवायला. ईसी-५० पुन्हा ०.३ झाला. सोमवारच्या प्लेटमध्ये आडवं व-१७ आठ पायऱ्यांत, उभं डायपिरिडामोल सहा पायऱ्यांत, युरिडीन ५वर स्थिर. दोन कोपऱ्यांत डीएमएसओ, दोनमध्ये व-१७न.